‘नो सिग्नल’ आणि साप साप म्हणून धोपटलेली भुई

सोलापुरातल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून डोकं वर काढतो. विषय असतो लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरायची दुसरी सिस्टिम) दुसरा मॉनिटर न चालण्याचा. मजकूर थोडक्यात असा: लिनक्समध्ये एचडीएमआयचा (मॉनिटरला चित्र नेणाऱ्या पोर्टाचा) ड्रायव्हर नसतो; तीच केबल विंडोजवर चालते, म्हणजे केबल निर्दोष; रिझोल्यूशन 1024 बाय 768 वर अडकलं की तिथंच राहणार; टाइप-सी कन्व्हर्टर लिनक्स ओळखत नाही; काहीही झालं तरी ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘नोमोडसेट’ टाका; तेही जमलं नाही तर विंडोज टाकून मोकळे व्हा. एका पडद्यावर जॅकार्ड विणकामाची नक्षी आणि दुसऱ्यावर रंगांची शीट ठेवून काम करणारा माणूस हे वाचून खरंच मशीन फॉरमॅट करून बसतो. म्हणून एकेक मुद्दा तपासलेला बरा.

आधी एक सूचना. खालच्या कमांड फोनवर सांगाव्यात तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या; फक्त पोर्टांची नावं (एचडीएमआय-1, व्हीजीए-1 अशी) आणि ‘एक्स11’मधला एक्स मोठ्या अक्षरांत. स्पेलिंग अडेल असं वाटलं तिथं अक्षरं फोडून दिली आहेत.

“लिनक्समध्ये एचडीएमआयचा ड्रायव्हर नसतो.”

एचडीएमआयचा वेगळा ड्रायव्हर विंडोजमध्येही नसतो. पोर्ट चालवते ती ग्राफिक्स चिप, आणि ड्रायव्हर लागतो तो तिचा. इंटेलचा आय-915 आणि एएमडीचा एएमडीजीपीयू हे दोन्ही ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच असतात, वेगळे उतरवावे लागत नाहीत. एनव्हिडियाची गोष्ट निराळी, ती पुढे.

खरा प्रश्न असतो तो मॉनिटर जोडलेला आहे हे कर्नलला कळलं का, एवढाच. तो विचारायला अर्धं मिनिट लागतं: ‘कॅट /सिस/क्लास/डीआरएम/*/स्टेटस’ (सिस म्हणजे एस-वाय-एस, डीआरएम म्हणजे डी-आर-एम). प्रत्येक पोर्टासाठी ‘कनेक्टेड’ किंवा ‘डिसकनेक्टेड’ अशी एक ओळ येते. केबल लावून आणि काढून दोनदा चालवा. लावल्यावरही एकही ओळ बदलली नाही, तर सेटिंग्जमध्ये कितीही खटाटोप करा, व्यर्थ आहे; गडबड केबल, कन्व्हर्टर, पोर्ट किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर यांत आहे. ओळ ‘कनेक्टेड’ झाली पण पडदा काळाच, तर तार जागेवर आहे आणि भांडण मोडचं, म्हणजे रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेटच्या जोडीचं आहे. हे दोन आजार वेगळे, औषधंही वेगळी. तो मेसेज दोघांनाही एकच गोळी देतो.

डेस्कटॉप असेल तर मागे वाकून पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असूनही केबल मदरबोर्डाच्या एचडीएमआयमध्ये खोचलेली सापडते. कार्ड बसवल्यावर बरेच बायोस (मशीन सुरू करणारे बोर्डावरचे प्रोग्रॅम) त्या पोर्टाला चालवणारी, प्रोसेसरमधली ग्राफिक्स चिप आपोआप बंद करतात. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ती चिप चालू नसतेच. तसेच 7000 मालिकेच्या आधीचे ‘जी’ नसलेले एएमडीचे डेस्कटॉप रायझेन प्रोसेसर. तिथं बोर्डावरचं ते भोक शोभेचं.

“तीच केबल विंडोजवर चालते, म्हणजे दोष लिनक्सचा.”

सगळ्या मेसेजमधला पटण्याजोगा वाटणारा आणि सगळ्यात जास्त फसवणारा मुद्दा हाच. तुलना करताना दोन्हीकडे रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट आणि रंगांची खोली सारखी होती का, हे कुणी पाहत नाही.

हिशेब साधा आहे. 1080पी, 60 हर्ट्झ या ठरलेल्या मोडमध्ये पडद्याबाहेरची रिकामी जागा धरून 2200 गुणिले 1125 गुणिले 60, म्हणजे 148.5 मेगाहर्ट्झचा घड्याळ-ठोका (केबलमधून चित्र पाठवण्याचा वेग) लागतो. हा रंगामागे 8 बिट धरून. मॉनिटर किंवा टीव्ही 12 बिट चालतात असं सांगत असेल, तर इंटेलचा लिनक्स ड्रायव्हर ते मान्य करून 12 बिट पाठवू शकतो. मग ठोका दीडपट, 222.75 मेगाहर्ट्झ. पाच-दहा मीटरची स्वस्त केबल 148 वर कशीबशी टिकते आणि 222 वर मान टाकते. पडद्यावर चांदण्या चमकतात, दर थोड्या वेळानं चित्र जातं-येतं, किंवा सरळ ‘नो सिग्नल’. दुसऱ्या सिस्टिमनं 8 बिटच पाठवलं असेल, तर तिथं तीच केबल धडधाकट दिसते.

एक्स-ऑर्गच्या (लिनक्सवर पडदा रंगवणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) सत्रात याची परीक्षा अशी: ‘एक्सरँडर’ (एक्स-आर-ए-एन-डी-आर) चालवून पोर्टाचं नाव बघा, मग ‘एक्सरँडर --आउटपुट एचडीएमआय-1 --सेट "मॅक्स बीपीसी" 8’. चित्र स्थिर झालं तर निदान झालं. केबल बदला, किंवा 8 वर समाधान माना; ऑफिसकामात फरक दिसणार नाही.

4के मॉनिटरचंही तेच. 60 हर्ट्झला 594 मेगाहर्ट्झ लागतात आणि एचडीएमआय 1.4 ची मर्यादा 340 ची. जुन्या लॅपटॉपचं पोर्ट 1.4 चं असेल तर 4के 30 हर्ट्झलाच मिळेल, मग सिस्टिम कोणतीही असो. नव्या पेठेत केबल घेताना वेष्टनावरच्या ‘4के’ला भुलू नका, 30 की 60 ते विचारा. शक्य तर दोन मीटरच्या आतली घ्या.

केबलच्याच नात्यातली आणखी एक बाब. जुन्या दुकानांत अर्थिंग नावालाच असतं. लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा, मॉनिटरच्या तिसऱ्या पिनेला पलीकडे काहीच जोडलेलं नाही, अशा वेळी पॉवर सप्लायमधल्या फिल्टर कपॅसिटरमुळे धातूच्या भागावर 230 व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास दाब तरंगत राहतो. प्रवाह नगण्य, हाताला मुंग्या येण्याइतका. पण केबल खोचताना ठिणगी डेटाच्या पिनेवर पडली की पोर्ट जातं, आणि ते विंडोजमध्येही परत येत नाही. मुंग्या जाणवत असतील तर दोन्हीकडची वीज बंद करूनच केबल लावा आणि आधी अर्थिंग करून घ्या.

“रिझोल्यूशन 1024 बाय 768 वर अडकतं, काही करता येत नाही.”

येतं. मॉनिटर स्वतःची ओळखपत्रिका बाळगतो, तिला एडिड (ई-डी-आय-डी) म्हणतात. आपले मोड कोणते, आवडता कोणता, हे त्यात 128 बाइटांच्या ठोकळ्यांत लिहिलेलं असतं. ती वाचता आली नाही की सिस्टिम सावधपणे 1024 बाय 768 सारखा, बहुतेक पडद्यांना झेपणारा मोड लावते.

वाचली गेली का ते असं पाहा: ‘कॅट’नं त्याच डीआरएम फोल्डरातल्या तुमच्या पोर्टाची ‘एडिड’ फाइल उघडा आणि उभ्या रेघेनं ती ‘डब्ल्यूसी -सी’ या बाइट मोजणाऱ्या कमांडकडे द्या. 128, 256 असा आकडा आला तर पत्रिका मिळाली. शून्य आला तर नाही. ‘एलएस -एल’ या फाइलांच्या यादीवर विसंबू नका, या फाइलचा आकार तिथं नेहमी शून्यच दिसतो आणि माणूस नाहक घाबरतो.

शाळेच्या लॅबमध्ये, सीसीटीव्हीच्या टेबलावर अजून व्हीजीए (जुनं 15 पिनांचं पोर्ट) नांदतंय. त्यात पत्रिका 12 आणि 15 नंबरच्या पिनांवरून येते. दोन्ही खालच्या ओळीत. कनेक्टर उजेडात धरून पिना मोजा. मधल्या ओळीतली 9 नंबरची पिन नसणं नेहमीचं, तिची चिंता नको. पण 12 किंवा 15 गायब किंवा वाकलेली असेल तर दोषी हातात सापडला. एचडीएमआयमध्ये हे काम 15 आणि 16 करतात, 18 वर 5 व्होल्ट असतात आणि ‘मॉनिटर आला’ हा निरोप 19 देते.

एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर त्या 18 नंबरच्या पिनेवरच जगतो. नियमानं तिथून 55 मिलिअँपिअरचीच हमी असते, आणि कन्व्हर्टरला अनेकदा जास्त लागतात. चित्र मधूनच जात असेल तर कन्व्हर्टरच्या कुशीतलं छोटं यूएसबी भोक बघा, त्याला मोबाइलच्या चार्जरवरून 5 व्होल्ट द्या. तसं भोक नसलेला कन्व्हर्टर घेऊच नये.

केबल बदलणं शक्य नसेल, तर एक्स-ऑर्गमध्ये मोड हातानं घालता येतो. ‘सीव्हीटी 1920 1080 60’ चालवा, मोडलाइनची ओळ मिळेल. ‘मोडलाइन’ शब्द सोडून बाकीची ओळ ‘एक्सरँडर --न्यूमोड’पुढे चिकटवा. मग ‘--अॅडमोड व्हीजीए-1’ आणि मोडचं नाव, शेवटी ‘--आउटपुट व्हीजीए-1 --मोड’ आणि तेच नाव. एलसीडीला ‘सीव्हीटी -आर’ जास्त मानवतं: ठोका 173 वरून 138.5 मेगाहर्ट्झवर येतो. 1366 बाय 768 च्या पडद्याला मात्र ही युक्ती पूर्ण बसत नाही. सीव्हीटी रुंदी 8 च्या पटीत करतं, 1366 चे 1368 होतात आणि अक्षरं जराशी पुसट दिसतात.

हे लॉगआउट केल्यावर पुसलं जातं, आणि त्यावरूनच ‘रोज सकाळी कमांड मारावी लागते’ अशी ओरड होते. कायम ठेवायचं तर तो मोड ‘/ईटीसी/एक्स11/एक्सऑर्ग.कॉन्फ.डी’ या फोल्डरातल्या फाइलमध्ये लिहा. त्याहून खोल इलाज कर्नलला सुरू होताना ग्रब देतो त्या ओळीत: ‘व्हिडिओ=एचडीएमआय-ए-1:1920एक्स1080@60ई’. शेवटच्या ‘ई’मुळे मॉनिटर सापडला नाही तरी पोर्ट चालू राहतं. नावांत घोळ घालू नका: कर्नल ज्याला एचडीएमआय-ए-1 म्हणतो, त्याला एक्स-ऑर्ग इंटेलवर एचडीएमआय-1 म्हणतं, आणि एएमडीवर मोजणी शून्यापासून होऊन एचडीएमआय-ए-0 दिसतं.

आणि हो, वेलँडच्या (एक्स-ऑर्गची जागा घेणाऱ्या नव्या यंत्रणेच्या) सत्रात एक्सरँडर मोड बदलतच नाही. ‘एको $एक्सडीजी_सेशन_टाइप’ विचारा (डॉलरनंतरचं सगळं मोठ्या अक्षरांत). उत्तर ‘वेलँड’ आलं तर ग्नोम डेस्कटॉपवर सेटिंग्जच्या डिस्प्ले पानावरून आणि केडीई डेस्कटॉपवर ‘केस्क्रीन-डॉक्टर’नं काम करा. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात 22.04 आवृत्तीपासून बहुतेक मशिनांवर वेलँडच चालू होतं, तरी सल्ले मात्र अजून एक्सरँडरचेच फिरतात.

“काहीही झालं तर नोमोडसेट टाका.”

हा सल्ला निव्वळ निरुपयोगी असता तर सोडून दिला असता. हा घातक आहे. ग्राफिक्स ड्रायव्हरनं पडद्याचा मोड स्वतः लावू नये, असं ‘नोमोडसेट’ कर्नलला बजावतं. म्हणजे ज्या यंत्रणेनं दुसरा मॉनिटर शोधायचा, तिलाच झोपवायचं. लॅपटॉपचा पडदा बायोसनं सोडलेल्या मोडवर चालत राहतो, मेसेज पाठवणाऱ्याला वाटतं ‘झालं की’, आणि एचडीएमआय कायमचं मुकं होतं. वर ग्राफिक्सचा भार प्रोसेसरवर पडून पंखा भिरभिरतो.

इन्स्टॉल करताना पडदा पूर्ण काळा असेल तर एका बूटपुरतं ते वापरा, एवढाच त्याचा उपयोग. आत शिरल्यावर काढा. ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’मध्ये शब्द दिसतोय का पाहा, दिसला तर ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ फाइलमधून खोडा, ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा, रीस्टार्ट करा. ‘लिनक्सवर दुसरा मॉनिटर चालत नाही’ म्हणून आलेल्या मशिनावर पहिली झडती याच शब्दाची घ्यावी.

“टाइप-सी कन्व्हर्टर ओळखत नाही.”

इथं दोन वेगळ्या वस्तू एकाच नावानं विकल्या जातात. पहिली टाइप-सीमधून डिस्प्लेपोर्टचा (एचडीएमआयसारख्याच दुसऱ्या चित्र-पोर्टाचा) सिग्नल बाहेर काढते. तिला ड्रायव्हर लागत नाही, पण लॅपटॉपच्या त्या भोकात सिग्नल असावा लागतो. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपांचं टाइप-सी फक्त डेटाचं असतं. भोकाशेजारी डीपीचं (डिस्प्लेपोर्टचं) किंवा थंडरबोल्टचं चिन्ह शोधा, नसेल तर मॉडेलची माहिती वाचा. दुसरी वस्तू डिस्प्लेलिंक चिपची: चित्र दाबून यूएसबीवरून पाठवते. ‘एलएसयूएसबी’त 17ई9 नं सुरू होणारा क्रमांक दिसला तर ती हीच. तिला सिनॅप्टिक्सचा ड्रायव्हर आणि ईव्हीडीआय मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) लागतं, आणि कर्नल बदलला की ते कधीकधी पुन्हा बांधावं लागतं. घेण्याआधी विचाराल तर हा ताप वाचेल.

डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय ही साधी केबलही एकाच दिशेनं चालते. लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टात ती लावली तर ब्रह्मदेव आला तरी चित्र यायचं नाही.

मेसेज कुठं खरा आहे

एनव्हिडियाच्या बाबतीत थोडासा. दोन ग्राफिक्स चिपांच्या अनेक लॅपटॉपांत एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं. बॅटरी वाचवायला कुणी ‘प्राइम-सिलेक्ट इंटेल’ केलं की एनव्हिडिया झोपते आणि पोर्टही तिच्यासोबत. ‘प्राइम-सिलेक्ट क्वेरी’नं स्थिती पाहा, ‘ऑन-डिमांड’ करा, रीस्टार्ट करा. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवल्यावर ड्रायव्हरशी बोलता आलं नाही असं उत्तर आलं, तर बहुधा सिक्युअर बूटनं सही नसलेलं मॉड्यूल अडवलंय. ‘मोकयुटिल --एसबी-स्टेट’ सांगेल. ड्रायव्हर टाकताना विचारलेला पासवर्ड पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर द्यायचा असतो. लोक तिथं घाईनं ‘कंटिन्यू’ दाबतात आणि मग लिनक्सच्या नावानं खडे फोडतात.

एएमडी कार्डावर एचडीएमआयमधून 4के 120 हर्ट्झ हवं असणाऱ्यांची तक्रारही रास्त आहे. त्यासाठी लागणारी एचडीएमआय 2.1 ही आवृत्ती खुल्या ड्रायव्हरमध्ये आणायचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआय फोरम या एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं फेटाळला, हे 2024 मध्ये जाहीर झालं. अशांनी डिस्प्लेपोर्ट वापरावं. आणि 4के लॅपटॉपाशेजारी साधा 1080पी मॉनिटर ठेवून दोन्हीकडे अक्षरं सारखी मोठी हवी असतील, तर एक्स-ऑर्गवर रडकुंडीला याल. वेलँडवर प्रत्येक पडद्याचं स्केल वेगळं ठेवता येतं.

विंडोज टाकायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. फक्त फॉरमॅट मारण्याआधी ती ‘स्टेटस’ची कमांड एकदा चालवा. ‘डिसकनेक्टेड’ आलं तर आधी शेजाऱ्याची केबल मागून आणा.