विंडोजच्या आधी रॅम बघा की!

लॅपटॉप सारखा बंद पडत असेल तर आधी विंडोज नव्याने टाका, असं एका लेखात म्हटलंय. पटलं नाही. माझा दिवसातून दोन-तीनदा निळी स्क्रीन दाखवायचा आणि दर वेळी एरर वेगळीच. असं झालं की पहिला संशय रॅमवर (लॅपटॉपच्या तात्पुरत्या मेमरीवर) घ्यावा. पुण्यातल्या तापकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने तर झाकणही न उघडता ‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणून निकाल दिला! (उघडून बघायला काय जात होतं?)

घरी येऊन पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर टाकलं, रात्रभर चालू ठेवलं. सकाळी चहाचा कप घेऊन बघतोय तर स्क्रीनभर लाल ओळी, म्हणजे रॅममध्ये चुका. मग बॅटरीची वायर सोडवून रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि एकेक लावून तपासली. एक पास, दुसरी पाच मिनिटांत नापास. तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये (खाचेत) लावली, तरी नापास. म्हणजे स्लॉट ठीक, पट्टीच गेलेली.

निळी स्क्रीन न येता गेम खेळताना एकदम अंधार होत असेल, तर मात्र लॅपटॉप तापून बंद पडत असेल, आधी पंख्यातली धूळ बघा. आणि इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजच्या नोंदवहीतल्या) ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीला घाबरू नका. मशीन नीट बंद झालं नव्हतं, एवढंच ते सांगतं. का, ते नाही.