जेलच्या इंजेक्शनाने गुडघ्याची गादी उगवत नाही

‘वाटी बदलू नका, जेल भरा’ हा मेसेज सध्या जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरतोय. म्हणणं असं: हायलुरोनिक ॲसिडच्या हायड्रोजेलचं एकच इंजेक्शन घ्यायचं, झिजलेली गादी तीन महिन्यांत नवी होते, ऑपरेशन टळतं. नैसर्गिक आहे म्हणून अपाय शून्य. आणि नवी गादी ‘बसेपर्यंत’ व्यायाम पूर्ण बंद. खाली मंगल कार्यालयातल्या शिबिराची तारीख. पारोळ्याकडच्या माझ्या मावशीने तो मला पाठवला आणि लगेच फोन केला, “हाई खरं शे का रे?” कापसाचे पैसे नुकतेच हातात आले होते आणि शिबिरात नाव नोंदवायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं.

मावशी, खरं नाही.

आधी तो फोटो बघू, कारण लोक त्यालाच भुलतात. दोन एक्स-रे शेजारी-शेजारी लावलेत. ‘आधी’मध्ये हाडाला हाड टेकलंय, ‘नंतर’मध्ये मधे छान मोकळी फट. फोटो जरा मोठा करा. पहिल्याच्या कोपऱ्यात ‘आर’ आहे, दुसऱ्याच्या कोपऱ्यात ‘एल’. एक उजवा गुडघा, दुसरा डावा! दोन्ही अक्षरं सरळ वाचता येतात, म्हणजे फोटो उलटा झाला म्हणायलाही जागा नाही. हजारो लोकांनी हे पुढे पाठवलं आणि एकानेही कोपरा बघितला नाही.

बरं, गुडघा एकच आहे असं धरू. तरी एक्स-रेत गादी दिसत नाही, दोन हाडांमधली जागा तेवढी दिसते. उभं करून, अंगाचा भार देऊन काढला तर झिजलेल्या गुडघ्यातली फट कमी दिसते. आडवं झोपवून काढला तर त्याच गुडघ्यात, त्याच दिवशी ती जास्त दिसू शकते. गादी खरंच आली का हे बघायचं तर एमआरआय काढावा लागतो. तो मेसेजमध्ये कुठेच नाही.

हायलुरोनिक ॲसिड आपल्या अंगातच असतं. १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातून वेगळं काढलं. गुडघ्यातल्या वंगणाचा चिकटपणा त्याचाच. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींत जोडल्या की पाणी धरून ठेवणारं जेल होतं. पण शरीर हा पदार्थ सतत मोडत असतं. मोठ्या माणसाच्या अंगात तो साधारण १५ ग्रॅम असतो आणि त्यातला जवळपास तिसरा हिस्सा रोज मोडून नवा बनतो. साखळ्या जोडलेलं जेल थोडं जास्त टिकतं, इतकंच. गादीत रक्तवाहिन्या नसतात, पेशीही मोजक्याच, म्हणून तिची झीज सहसा भरून येत नाही. नुसतं जेल टोचून त्या पेशी येणार कुठून?

‘निदान दुखणं तरी थांबतं’ असं कोणी म्हणेल. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०२२ मध्ये या इंजेक्शनांच्या १६९ चाचण्यांचा एकत्र आढावा छापला, रुग्ण २१,१६३. त्यातल्या खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, इंजेक्शनाशी तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्या बघितल्या तर रुग्ण आपलं दुखणं जिच्यावर खूण करून दाखवतो त्या १०० मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर फरक निघाला सुमारे २ मिलिमीटर. माणसाला जाणवायला निदान ९ तरी हवा, असं याच संशोधकांनी धरलं होतं. काहींना बरं वाटतं हे मान्य, पण खोट्या इंजेक्शनानेही पुष्कळांना वाटतं. आणि गंभीर त्रासाचं प्रमाण खऱ्या इंजेक्शनवाल्यांत जवळपास दीडपट होतं. ‘अपाय शून्य’चं उत्तर यातच आलं. काही इंजेक्शनं कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनतात. कोंबडी-अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती जपून घ्यायची असतात.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करतो. या जेलच्या आधाराने गादी भरून काढायचं काम जगात खरंच चाललंय. दक्षिण कोरियाने २०१२ मध्ये कार्टिस्टेम नावाच्या उपचाराला परवानगी दिली. त्यात हायलुरोनिक ॲसिडच्या जेलमध्ये नाळेच्या रक्तातल्या मूळ पेशी (स्टेम सेल, ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनतात) मिसळतात आणि ऑपरेशन करून, हाडात बारीक खड्डे पाडून ते भरतात. म्हणजे जेल हा कारल्याचा मांडव. वेल वेगळा लावावा लागतो. आणि ऑपरेशन टळत नाही, करावंच लागतं. मेसेजवाल्यांनी त्यातलं फक्त ‘जेल’ उचललं.

सगळ्यात जास्त चीड येते ती ‘व्यायाम बंद’ची. झिजलेल्या गुडघ्यावर ज्याचा खात्रीने उपयोग होतो, त्यात मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणं पहिल्या रांगेत आहे, आणि ते फुकट आहे. वेचणीला वाकणाऱ्या, दिवसभर बांधावर चालणाऱ्या बाईला तीन महिने बसवून ठेवलं तर स्नायू सुकतात, वजन वाढतं, साखर असली तर तीही चढते. गुडघा आधीपेक्षा वाईट होतो. मग पुढच्या शिबिरात दुसऱ्या डोसचं बिल.

आणि मंगल कार्यालयात रांगेने बसवून सांध्यात सुई घालायची? सांध्यात जंतू गेले तर गादी काही दिवसांत खलास होते. कुणी असं इंजेक्शन आधीच घेतलं असेल आणि गुडघा लाल-गरम होऊन सुजला, ताप आला, पाय टेकवेना, तर शिबिरवाल्यांना फोन लावत बसू नका. त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन जा.