ताबा मिळवावा कसा?

प्लॉटचा ताबा, दुकानाचा ताबा, आणि नवरा-बायको वेगळे झाले की पोराचाही ताबाच. शब्द एकच आहे, तेव्हा सल्लाही प्लॉटवाल्यांचाच घ्या: आधी कब्जा, मग कागद. पोर सुट्टीला तुमच्याकडे आलं की परत पाठवायचंच नाही.

मध्यस्थीच्या वाटेला जाऊ नका. तिथे निकाल कुणी देतच नाही. शिवाय तिथलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. समोरच्यानं रडत कबूल केलेली चूक वायाच गेली की हो! आणि प्रश्न तरी कसले? शाळेतून कोण आणणार, ताप आला तर कोण जागणार, रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघायला इंदूरच्या राजवाड्यावर कुणाच्या खांद्यावरून जाणार. एवढ्याशा गोष्टींसाठी का आपण वेगळे झालो?

कोर्टाची ऐट वेगळी. 1890 चा पालक व पाल्य कायदा घ्या नाहीतर 1956 चा हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अठराच्या आतलं वय) व पालकत्व कायदा, दोन्हींत 'मुलाचं हित' आहे. झकास शब्द, अर्जात पानोपानी पेरा. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, असं 1956 चा कायदा म्हणतो. बाबांनी पाचवा वाढदिवस कॅलेंडरवर लाल करून ठेवावा, केकसाठी नव्हे. 1984 च्या कायद्यानं कुटुंब न्यायालयाला आधी समेटाचा प्रयत्न करायला लावलंय, पण घाबरू नका. 'आम्ही तयार आहोत, तेच ऐकत नाहीत,' असं दोघांनी म्हटलं की पुढची पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख, पक्की.

समजत्या मुलाची इच्छा न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. म्हणून तालीम हवीच. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत न्या, भुट्ट्याचा कीस खाऊ घाला, आणि घास तोंडात असतानाच विचारा, 'कोण जास्त आवडतं?' उत्तर चुकलं तर जलेबी रद्द. उजळणीला आजी आहेतच. त्यांना सुनेचे सगळे दोष तोंडपाठ असतात.

आपण इंदूरकर. 2017 पासून स्वच्छतेत देशभर नाव काढलंय, ओला-सुका झोपेतही वेगळा करतो. पण ही सवय घरात आणू नका. नवऱ्यावरचा राग आणि पोराचा बाप, बायकोवरचा राग आणि पोराची आई, सगळं एकाच डब्यात जाऊ द्या.

पेशीमागून पेशी, अपिलं, फाइल फुगत जाईल. मग एक दिवस पोराला अठरा पूर्ण होतात आणि ताब्याचा प्रश्नच मिटतो. ते पुण्याला शिकायला जातं. आईचा फोन आला की सायलेंट, बाबांचा आला तरी सायलेंट. वाटणी अगदी समसमान.