कांदेबाग, दोरशिडी आणि आप्पांचा राग

आप्पा, नमस्कार.

माझ्या हेरकादंबरीच्या नवव्या प्रकरणाखाली तुम्ही लिहिलंत, 'हेर पकडला जातो केळीच्या गप्पांत आणि जेलमधून सुटतो दीड पानात. ना भुयार, ना गोळीबार. पैसे वसूल नाहीत.' (वाचताय फुकट, पण असो.)

आधी केळीचं. तुम्ही अमळनेरचे, कापसाच्या मुलखातले, म्हणून तो प्रसंग किरकोळ वाटला असेल. माझा नायक रावेरला केळीचा व्यापारी बनून राहतोय आणि टपरीवर बोलून जातो की मेव्हण्याने जूनमध्ये कांदेबाग लावली. अहो, केळीची जून-जुलैची लागवड ती मृगबाग, ऑक्टोबरची ती कांदेबाग. रावेर-यावलचं शाळकरी पोरही हे सांगेल. समोरचा माणूस चूक काढत नाही. तो अजून एक कटिंग मागवतो आणि सहज विचारतो, 'कंद लावले का टिश्यू कल्चरची रोपं?' मला त्या कपापुढे पिस्तूल फिकं वाटतं.

इस्रायली हेर एली कोहेनला सीरियात दमास्कसला धाडण्याआधी इस्रायलने 1961 मध्ये ब्युनोस आयर्सला बसवलं होतं. का? तर तिथल्या सीरियन लोकांत 'कामेल अमीन थाबेत' नावाचा व्यापारी म्हणून ओळख मुरावी. तरी 1965 मध्ये तो फासावर गेलाच, बिनतारी संदेशांनी घात केला.

आता दीड पान. जॉर्ज ब्लेक, ब्रिटिश गुप्तचर खात्यातला सोव्हिएत हेर, शिक्षा 42 वर्षं. ऑक्टोबर 1966 मध्ये तो लंडनच्या वर्मवुड स्क्रब्स तुरुंगातून पळाला तो दोरशिडीने, आणि शिडीच्या पायऱ्या कसल्या, तर विणकामाच्या सुयांच्या! उतरताना पडून मनगट मोडलं. भिंतीचा मामला मिनिटांचा; खरी कसोटी पुढचे जवळपास दोन महिने. तुरुंगात ओळख झालेल्या माणसांनी त्याला लंडनमध्येच लपवलं आणि डिसेंबरमध्ये त्यांच्यातल्या एकाने आपल्या बायको-मुलांसकट सहलीला निघाल्यासारखं गाडीतून पूर्व जर्मनीत पोचवलं. गाडीत घरची मंडळी, बिछान्याखाली हेर. यात केजीबीचा हात नव्हता, हे तर अजूनच भारी.

गोळीबारच हवा तर सांगली घ्या. 24 जुलै 1943, वसंतदादांनी तुरुंग फोडला, बंदुका मिळवल्या, पाठलाग झाला. दोन साथीदार गेले, दादा गोळी लागून पुन्हा पकडले गेले. उलट स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी बघा. एप्रिल 1944 च्या आपल्या धुळ्याकडच्या चिमठाण्याच्या सरकारी खजिना लुटीत ते होते. त्याच वर्षी साताऱ्याच्या तुरुंगातून निसटले आणि भूमिगत राहिले. लोकांनी घरात घेतलं म्हणून राहू शकले, भो. म्हणूनच माझ्या कादंबरीत भिंतीला दीड पान आणि यावलच्या म्हातारीच्या ज्या माळ्यावर तो लपतो, त्याला दोन प्रकरणं आहेत. ती कमी करणार नाही.

दहाव्यात गोळी आहे. एकच. कुणाला लागते ते तुमच्या पुतण्याने मेसेज करून विचारलं तरी सांगणार नाही.