वॉरंटी संपली म्हणून मालक दोषी ठरत नाही

वॉरंटी संपल्यावर कुणाच्या गाडीचं इंजिन बसलं की एक ठरावीक मजकूर फिरायला लागतो. त्याचं सार असं: ऑइल वेळेवर बदललं असतं तर इंजिन गेलंच नसतं. कारखान्यातला दोष असता तर तो पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिसला असता. वॉरंटी संपली की कंपनीचा संबंध संपला. आणि सर्व्हिस बाहेर करून घेतली असेल, तर मग बोलायलाच नको. हप्ते अजून चालू असलेल्या माणसाला हे ऐकवलं जातं, आणि तो खरोखरच गप्प बसून बिल भरतो. म्हणूनच हा मजकूर मला घातक वाटतो.

सुरुवात 'दोष असता तर आधीच दिसला असता' या मुद्द्यापासून करतो, कारण तो सगळ्यांत पटण्यासारखा वाटतो आणि सगळ्यांत चुकीचा आहे. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, बेअरिंगला टेकून फिरत नाही, दाबाने आलेल्या ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. ते ऑइल क्रँकशाफ्टच्या आतल्या बारीक वाहिन्यांतून कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगपर्यंत पोचतं. कारखान्यात या वाहिन्या कोरल्यावर धातूचा कीस पूर्ण धुतला गेला नाही, तर तो ऑइलबरोबर बेअरिंगमध्ये जातो. गाडी लगेच बंद पडत नाही. बेअरिंगवर आधी बारीक ओरखडे उठतात, मऊ थर झिजतो, फट वाढते. फट वाढली की तिथलं ऑइल लवकर निसटतं, थर आणखी पातळ होतो आणि झीज वेग घेते. २५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला २५०० फेऱ्यांनी, तासाभरात दीड लाख फेरे होतात. तरीही हे सगळं घडायला काही वर्षं लागू शकतात. शेवटी इंजिन गरम असताना ठोके ऐकू येतात, आणि त्यानंतर रॉड ब्लॉक फोडून बाहेर यायला फारसा वेळ लागत नाही.

ही नुसती कल्पना नाही. ह्युंदाईच्या थीटा २ इंजिनांत नेमकं हेच घडलं. अमेरिकेत २०१५ च्या सप्टेंबरमध्ये सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा परत बोलावल्या गेल्या, त्या २०११ आणि २०१२ च्या मॉडेलच्या. म्हणजे दोष जाहीर झाला तेव्हा गाड्या साधारण तीन ते पाच वर्षं रस्त्यावर होत्या. २०१७ मध्ये ह्युंदाई आणि किआ मिळून आणखी सुमारे १२ लाख गाड्यांची भर पडली. रिकॉल उशिरा केले, माहिती नीट दिली नाही, म्हणून २०२० मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने दोन्ही कंपन्यांशी मिळून २१ कोटी डॉलरच्या दंडाचा करार केला. मधल्या काळात ज्यांनी स्वखर्चाने इंजिन बदललं, त्यांनाही 'ऑइल बदललं नसेल' हेच ऐकावं लागलं असेल, तर त्या माणसांवर किती अन्याय झाला याचा विचार करा.

टोयोटाचं इंजिन जात नाही असं म्हणतात. पण २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या सुमारे १ लाख २ हजार टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स गाड्यांचा रिकॉल निघाला तो इंजिनात राहिलेल्या अशाच किसामुळे. २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटर व्ही८ इंजिनाच्या, २०२१ ते २०२४ मॉडेलच्या, जगभरातल्या सुमारे ७ लाख २१ हजार गाड्या बोलावल्या. कारण रॉड आणि क्रँकशाफ्टच्या निर्मितीतले दोष.

आता ऑइल. यात तथ्य आहे, आणि ते मी नाकारत नाही. ऑइलकडे दुर्लक्ष करून मारलेली इंजिनं भरपूर असतात. प्रेशरचा लाल दिवा लागल्यावरही 'घरापर्यंत जाऊ' म्हणून रेटलेली गाडी ही मालकाचीच चूक. तो दिवा ऑइल कमी झाल्याचा नसून दाब गेल्याचा असतो, तो दिसला की गाडी तिथेच बंद करायची. पण 'वेळेवर बदललं की झालं' हे मात्र खरं नाही. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत १००० किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत ऑइल खर्च होणं सामान्य म्हटलेलं असतं. तीच पुस्तिका ऑइल १५,००० किलोमीटरला बदला म्हणत असेल, तर हिशेब करा: मध्ये साडेसात लिटर जाऊ शकतं, आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, मुळात मावतं चार-पाच लिटर. सगळे शिक्के वेळेवर मारून घेतलेला माणूसही दोन सर्व्हिसच्या मध्ये कोरडा पडू शकतो. त्याने डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहायला हवी होती हे मान्य. पण असं इंजिन आणि असं वेळापत्रक एकत्र कुणी दिलं, हेही विचारायला हवं.

ऑइलमध्येच फिरणाऱ्या टायमिंग बेल्टचं उदाहरण याहून बोलकं आहे. प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ प्युअरटेक इंजिनांत या बेल्टचं रबर ऑइलमुळे खराब होऊन झडतं आणि त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. मग चेंबर भरलेला असला तरी दाब मिळत नाही. बेल्ट खूप वर्षं टिकेल असं कंपनीनेच सांगितलं होतं. पुढे २०२४ मध्ये प्यूजो-सिट्रोएनची मालक कंपनी स्टेलँटिसने या दोषासाठीचं संरक्षण १० वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढवलं.

यातच तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर आहे. वॉरंटी म्हणजे कंपनीने स्वतः ठरवलेली मुदत. ती संपली म्हणजे फुकट दुरुस्तीचं ते विशिष्ट वचन संपलं, दोषाचं कारण बदललं नाही. टोयोटाने २००२ मध्ये, ऑइलचा चिखल होणाऱ्या १९९७ ते २००२ च्या इंजिनांसाठी ८ वर्षांचं संरक्षण दिलं, किलोमीटरची मर्यादा न घालता. थीटा २ च्या सामूहिक दाव्यातल्या तडजोडीत हाफ इंजिनाला (ब्लॉक, क्रँकशाफ्ट, रॉड, पिस्टन असलेल्या खालच्या भागाला) आजीवन वॉरंटी मिळाली, आणि गाडी सेकंडहँड घेतलेल्यांनाही. कायदेही वॉरंटीपाशी थांबत नाहीत. इंग्लंडमध्ये विक्रेत्याविरुद्ध ६ वर्षांपर्यंत दावा करता येतो. ऑस्ट्रेलियात वस्तू वाजवी काळ टिकलीच पाहिजे हा हक्क कंपनीच्या वॉरंटीपेक्षा वेगळा आहे. भारतातल्या ग्राहक कायद्याची २ वर्षांची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात. याचा अर्थ पैसे मिळतीलच असा नाही. दोष निर्मितीतला होता हे दाखवावं लागतं, आणि ते सोपं नसतं.

बाहेरच्या सर्व्हिसचा मुद्दा थोडक्यात. अमेरिकेत १९७५ च्या वॉरंटी कायद्याने, आणि भारतात स्पर्धा आयोगाच्या २०१४ च्या आदेशाने, बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याला हरकत घेतली आहे. बाहेरच्या कामामुळे नुकसान झालं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग कोणत्या कामामुळे काय बिघडलं ते दाखवायला हवं. बिलं मात्र जपून ठेवा. ऑइलचा ग्रेड आणि गाडीचे किलोमीटर त्यांवर लिहिलेले हवेत.

खरं उत्तर इंजिन खोलल्यावर मिळतं, आणि नेमकं तेच घाईत हातचं जातं. ऑइल फिल्टर कापून आतला कागद उलगडला की घड्यांमध्ये चकचकीत कण दिसतात. त्यांच्याजवळ चुंबक न्या. लोखंड-पोलाद चिकटतं, पण बेअरिंगच्या थरातलं तांबं किंवा ॲल्युमिनियम चिकटत नाही. म्हणून 'ड्रेन प्लगच्या (ऑइल काढायच्या बोल्टच्या) मॅग्नेटवर काही नव्हतं' हा बेअरिंग ठीक असल्याचा पुरावा नाही. सगळे भाग काळ्या चिखलाने माखलेले असतील तर ऑइलची हेळसांड झाल्याची शक्यता मोठी. बाकी इंजिन आतून स्वच्छ, सोनेरी-तपकिरी, आणि एकाच रॉडचं बेअरिंग तांबं दिसेपर्यंत खरवडलेलं असेल, तर 'ऑइल बदललं नाही' हे कारण सहज पटणारं नाही. तिथे आधी तो क्रँकशाफ्ट आणि त्याच्या वाहिन्या तपासायला हव्यात.

अडचण अशी की नवं किंवा रीकंडिशन्ड इंजिन बसवताना जुनं बहुतेक वेळा बदल्यात परत जातं, आणि त्याच्याबरोबर पुरावाही. म्हणून कामाला मंजुरी देण्याआधीच सर्व्हिस सेंटरला लेखी कळवा: खोलताना मला हजर राहायचं आहे, बेअरिंगचे आणि चेंबरच्या तळाचे फोटो हवेत, फिल्टर आणि ऑइलचा नमुना माझ्या ताब्यात द्या, जुना ब्लॉक तक्रार निकाली निघेपर्यंत हलवू नका. खर्च उचलायला नकार देणार असाल तर कोणत्या भागावर काय दिसलं म्हणून देताय, तेही लिहून द्या. त्याच दिवशी चासी नंबर टाकून गाडीवर रिकॉल किंवा वाढीव संरक्षण आहे का तेही पाहून घ्या. रिकॉल वॉरंटी संपल्यानंतरही निघतात, आणि आधी स्वखर्चाने दुरुस्ती केलेल्यांना बिल दाखवून पैसे परत मिळाल्याची उदाहरणं आहेत.