तिसरा नट

जुलैपासून आमच्या घरी चहाचं आधण गाडीच्या आवाजावर ठेवलं जात होतं. संध्याकाळी मी वडाच्या वळणावर आलो, की आई सुनेला ‘आला गो’ म्हणून सांगायची आणि गॅस पेटवायची. वळण घरापासून अर्धा किलोमीटर लांब. गाडी माझी नऊ वर्षांची, डिझेलवरची, टर्बोवाली, एरवी शांत स्वभावाची. आधी ती नुसती घसा खाकरत होती. मग आठवड्याभरात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून पहाटे ट्रॉलर सुटावा तशी फडफडायला लागली. थिबा पॅलेसजवळ एका आजींनी एसटी समजून हात केला. मी थांबलो. आजींनी आत डोकावून पाहिलं, ‘आवाजावरनं मोठी वाटली हो’ म्हणाल्या आणि खऱ्या एसटीची वाट बघत पुन्हा उभ्या राहिल्या.

आवाज मी चालवून घेतला असता. पण पुढे एसी लावला की आत धुराचा वास यायला लागला, तेव्हा बायको म्हणाली, ‘अहो, एक तर ही कुणाला दाखवा, नाहीतर विका.’

गॅरेजवाल्याने खाली वाकून बॅटरी मारली आणि सांगितलं, डाउनपाइप गेला. इंजिनातून निघणारा तापलेला धूर टर्बोतलं एक पेढ्याएवढं चक्र फिरवतो. ते मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात हवा कोंबतं. काम उरकलेला धूर ज्यातून खाली उतरतो तो डाउनपाइप. वर इंजिन सतत हलत असतं, खाली सायलेन्सरला हललेलं चालत नाही, म्हणून मधे पोलादी जाळीचा एक लवचीक तुकडा घातलेला असतो, सासू-सुनेच्या मधे नवरा असतो तसा. माझ्या गाडीतला नवरा फाटला होता.

‘गणपती झाल्यावर आणा,’ गॅरेजवाला म्हणाला. ‘आता चाकरमान्यांच्या गाड्या येतील, मला मान वर करायला फुरसत नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, बोल्ट तुटला तर माझी जबाबदारी नाही.’

हे शेवटचं वाक्य मी कानाआड केलं. तिथेच चुकलो.

गणपतीला पंधरा दिवस होते. मूर्ती मूर्तिकाराच्या शाळेतून याच गाडीतून आणायची. बाप्पांना काय धुरी देत आणायचं? मी नवीन पाइप मागवला, सांध्यात बसणारं गॅस्केट मागवलं आणि व्हिडिओ बघितला. काम सोपं होतं. टर्बोला पाइप तीन नटांनी धरलेला असतो. तीन नट काढायचे, पाइप बदलायचा, तीन नट लावायचे. व्हिडिओतला गोरा माणूस अकरा मिनिटांत हे करून कॉफी प्यायला गेला. त्याचे नट चांदीसारखे चमकत होते, हे मी बघून न बघितल्यासारखं केलं.

शनिवारी दुपारी पाऊस उघडला. मी जॅक लावला, चाकं काढली आणि गाडीखाली चार चिरे रचले. शेजारचे काका गडग्यावर येऊन बसले. काका एसटीच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून रिटायर झालेले आहेत. दुसऱ्याचं काम बघताना त्यांना जी तरतरी येते ती पेन्शनच्या दिवशीसुद्धा येत नाही.

‘काय रे, मरायचंय काय?’

‘काका, जांभा आहे. अख्खं घर उभं आहे चिऱ्यावर.’

‘घराखाली तू झोपत नाहीस.’

आणि ते घरी जाऊन दोन लोखंडी घोड्या घेऊन आले.

टर्बोवर उष्णता अडवणारं पत्र्याचं झाकण असतं. त्याला दहा नंबरचे तीन बोल्ट होते. दोन आले. तिसऱ्याची डोकी मी रिंग पान्याने बघता बघता गोल करून टाकली. गडग्यावरून आवाज आला, ‘बारा कोनी लावलास ना? गंजलेल्याला सहा कोनीच लावायचा. बारा कोनी नुसते कोपरे धरतो, मग कोपरेच काढून देतो.’ हे आधी सांगितलं असतं तर काकांचं काय बिघडलं असतं? पण आधी सांगणं हे फिटरच्या धर्मात बसत नसावं. शेवटी झालं असं, की पत्राच इतका कुजलेला निघाला की बोल्ट जागेवर राहिला आणि पत्रा माझ्या हातात आला. दहा नंबरची गोटी, म्हणजे पान्याचं नटावर बसणारं तोंड, मात्र हातातून निसटून जी इंजिनात गेली ती गेलीच. अजून कधीतरी खड्ड्यात गाडी आदळली की तिची खुशाली कळते.

पत्र्याखाली नट दिसले. त्यांना नट म्हणायचं ते केवळ त्यांच्या जागेवरून. षट्कोन कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो हे कळत नव्हतं. रंग जुन्या गुळाच्या ढेपेचा, आणि नख लावलं तर तसेच पापुद्रे निघत होते. नऊ वर्षं रोज सहाशे अंशांपर्यंत तापायचं आणि निवायचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि बाराही महिने समुद्राचा खारा वारा. गंजाची खोड अशी, की ज्या लोखंडाचा तो होतो त्याच्या दुपटीहून जास्त जागा तो घेतो. आट्यांमधल्या केसभर फटीत तो शिरतो आणि आत पाय पसरून बसतो. आमच्याकडे याला कूळ लागणं म्हणतात. १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्याने कसणारं कूळच मालक झालं, तेव्हा आजोबांच्या भातशेतीचं जे झालं तेच माझ्या टर्बोचं झालं होतं. कागद माझ्या नावावर, वहिवाट नटाची. आजोबांना निदान किमतीचे हप्ते तरी मिळाले.

तेरा नंबरचा पान्हा लावला, पण नटाला काही पान्हा फुटेना. मग मी डब्ल्यूडी-४० चा डबा आणला. त्याच्या नावातला चाळीस म्हणजे चाळिसावा प्रयत्न. १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवायचं आणि गंज टाळायचं द्रव बनवताना चाळिसाव्या खेपेला सूत्र जमलं, आणि पुढे ते अॅटलस क्षेपणास्त्राच्या अंगाला चोपडलं गेलं. म्हणजे ते गंज लागू नये म्हणून. मी नऊ वर्षांनी उगवलो होतो, यात डब्याचा काय दोष? ‘ते ठेव तिकडे,’ काका म्हणाले. ‘पॉवर स्टीअरिंगचं लाल तेल आण. आणि अॅसिटोन. निम्मं-निम्मं.’ तेल होतं. अॅसिटोन बायकोच्या ड्रेसिंग टेबलवर होतं, नेलपॉलिश काढायच्या बाटलीत. दोन्ही एकत्र राहायला तयार नसतात, सारखी बाटली हलवावी लागते. काकांनी कानावरची विडी काढून खिशात ठेवली, त्यावरून मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं. रात्री दोनदा, पहाटे एकदा, थेंब थेंब तेल घातलं. आई म्हणाली, बाळंतिणीला एवढं कोणी करत नाही.

रविवारी पहिला नट हलला. स्टडसकट आला, म्हणजे ज्या खुंट्यावर तो बसतो तो खुंटाच टर्बोतून निघून आला. मी घाबरलो. काका म्हणाले, ‘आला ना? मग आला.’

दुसऱ्याने ‘कडक’ असा आवाज केला. इथे एक सांगायला हवं. गंजलेला नट सुटतानाचा आवाज आणि स्टड तुटतानाचा आवाज अगदी एकच असतो. कानाला दोन्ही वेळा आनंदच होतो. फरक हाताला कळतो, अर्ध्या सेकंदाने. सुटला असेल तर पाना पुढेही जड फिरतो, किरकिरत. तुटला असेल तर लोण्यातून फिरावा तसा फिरतो. माझा लोण्यातून फिरला. मी बराच वेळ नुसता तो फिरवत राहिलो. काकांनी दुसरीकडे बघितलं. चांगला माणूस आहे.

तिसरा नट रंगमंचावर यायलाच तयार नव्हता. तो टर्बोच्या मागे, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या सांदीत. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. हात आत जातो, पण बाहेर येताना घड्याळ, बाही आणि थोडी कातडी मागे ठेवून येतो. बायकोच्या पावडरच्या डबीचा आरसा धरून मी त्याचं दर्शन घेतलं. गॅसची ज्योत मारू का विचारलं, तर काका म्हणाले, ‘मार. वायरिंगची होळी गणपतीतच करू.’ मग त्यांनी गडगा सोडला. पहिल्यांदाच. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडून, मधे वाकणारा सांधा घालून त्यांनी सहा कोनी गोटी त्या नटावर नेऊन बसवली आणि म्हणाले, ‘आता आवळ.’

‘काका, काढायचाय.’

‘मेल्या, आधी आवळ. केसभर.’

आवळला. आतून बारीक ‘टिक्’ झालं. मग पाव फेरा सोडला, अर्धपाव परत आवळला, तेल घातलं, पुन्हा पाव सोडला. थोडं आपण द्यायचं, थोडं त्याच्याकडून घ्यायचं. आजोबांना हे कुळाशी जमलं नव्हतं. दीड तासाने तो नट माझ्या तळहातावर पडला तेव्हा कोमट होता. बायको हातात घेऊन म्हणाली, ‘एवढासा?’

तुटलेल्या स्टडचं शेंगदाण्याएवढं टोक टर्बोतून डोकावत होतं. त्यासाठी खिडक्यांचे ग्रिल करणाऱ्याला घरी बोलावलं. काकांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावली आणि आजूबाजूला ओलं गोणपाट गुंडाळलं. त्या टोकावर नवा नट ठेवून वेल्डिंग मारलं, फिरवलं, नट तुटला. पुन्हा मारलं, पुन्हा तुटला. तिसऱ्या खेपेला लाल असतानाच पाना लावला आणि नऊ वर्षांचं कूळ मुकाट निघून गेलं. वेल्डिंगच्या धगीने गंजाची पकड सुटते म्हणे. ग्रिलवाल्याने पैसे घेतले नाहीत, एक आंबापेटी मे महिन्यात कबूल करून घेतली.

नवे स्टड, पितळी नट, नवं गॅस्केट, आट्यांना तांब्याची पेस्ट. साधं ग्रीस लावायला निघालो होतो, तर काकांनी हात धरला: तिथे ग्रीस जळून जातं. पाइप बसायला खरंच अकरा मिनिटं लागली. गोरा माणूस खोटं बोलत नव्हता, फक्त मधलं सांगत नव्हता.

बाप्पा शांतपणे घरी आले. भाऊ मुंबईहून आला, त्याने गाडी चालवून बघितली आणि विचारलं, ‘काय केलंस हिला?’ मी दोन दिवसांचा वृत्तान्त सुरू केला, तो दुसऱ्या नटापाशीच उठला.

गौरी-विसर्जनानंतर ऑफिस सुरू झालं. संध्याकाळी येऊन दारात गाडी लावली, पायरीवर बसून बूट काढले. आत आई सुनेला सांगत होती, ‘आज उशीर झाला गो त्याला, अजून वळणावर पण नाही आला.’ ओट्यावर आधण नव्हतं. मी उठलो, परत गाडीत जाऊन बसलो आणि हॉर्न वाजवला.