नंदी पोटाशी धरणारं मूल स्वार्थी नसतं

नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. तीन वर्षांचं मूल आपली वस्तू देत नसेल तर ते स्वार्थी होतंय. शाळेत सोडताना रडत असेल तर नजर चुकवून निघून जा. रडताना जवळ घेतलं की मूल डोक्यावर बसतं. आणि लहानपणी ज्याला हवी ती गोष्ट मिळेपर्यंत थांबता येत नाही, तो मोठेपणी मागे पडतो. मी सक्करदऱ्याकडे बालवाडीत शिकवते. हे वाचून परवा एका आईने मुलाच्या हातातलं खेळणं हिसकावून दुसऱ्याला दिलं, म्हणून लिहायला बसले.

आधी स्वार्थाचं. तान्ह्या पोळ्याला साडेतीन वर्षांचा एक जण लाकडी नंदी घेऊन आला. शिंगाचा सुटलेला बेगड त्याने एका हाताने दाबून धरला होता. शेजारच्या मुलीने चाकाला हात लावताच त्याने नंदी पोटाशी कवटाळला आणि भोकाड पसरलं. ‘काहून नाही देत बे तिला?’ एक आजोबा ओरडले. पण दिलेली वस्तू परत मिळते, हा भरवसाच या वयात पुरता बसलेला नसतो. दोन-अडीच वर्षांची मुलं शेजारी बसून आपापलं खेळतात, मिळून खेळणं नंतर येतं, हे अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 मध्येच मुलांचा खेळ निरखून नोंदवलं आहे. समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असतं, हे उमगतं साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास. हिसकावून दिलं तर मूल एवढंच शिकतं की ज्याच्या अंगात जोर, वस्तू त्याची. मी त्याच्याजवळ उकिडवी बसले. म्हटलं, ‘नंदी तुझाच आहे. तुझं झालं की तिला एक चक्कर देशील?’ तो बोलला नाही. दोन चकरा मारल्या आणि दोरी तिच्यापुढे धरली. नंदीच्या मागोमाग मात्र चालत राहिला.

नजर चुकवून जाणं तर मला अजिबात पटत नाही. आई कधीही गायब होऊ शकते हे एकदा कळलं की दुसऱ्या दिवशी मूल पदरच सोडत नाही. सांगून जा, रेंगाळू नका.

रडताना जवळ घेणं म्हणजे मागेल ते देणं नव्हे, गल्लत इथेच होते. संत्रा बर्फीचा तिसरा तुकडा नाही म्हणजे नाही, पण रडायला मांडी आहे. राग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीनंतरही घडतच असतो. तीन वर्षांच्या मुलाला ते एकट्याने कसं जमावं?

राहिला थांबण्याचा मुद्दा. तो मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या मार्शमॅलोच्या, म्हणजे एका मऊ गोड खाऊच्या, प्रयोगावरून आलाय: आता एक खा, किंवा थांब आणि दोन घे. जी मुलं जास्त थांबली ती पुढे शाळेत सरस ठरली, असं त्यात दिसलं होतं. 2018 मध्ये नऊशेहून जास्त मुलांची माहिती तपासली, तेव्हा थांबण्याचा पुढच्या शालेय प्रगतीशी असलेला हा संबंध निम्म्यावर आला. घरची परिस्थिती वगैरे हिशोबात धरल्यावर फारच थोडा उरला. त्याआधी अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात 28 मुलांवर याच धर्तीचा प्रयोग झाला होता. मोठ्या माणसाने आधीचा शब्द पाळला होता तिथे मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, मोडला होता तिथे जेमतेम 3.

त्या आईला मी हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलाला सोडताना ती खाली वाकली, ‘डबा खाऊन झाला की येते’ म्हणाली, आणि मुलं डबे बंद करत होती तेव्हा फाटकाशी उभी होती.